स्वस्त विकायचंय? मग आधी पैसे कुठे वाचवायचे ते ठरवा

"सर, रेट कमी ठेवायचा तर क्वालिटी कुठून आणू?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये येतो. माझं मत स्पष्ट आहे: प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं असं की पैसे नेमके कुठे वाचवायचे आणि कुठे एक रुपयाही वाचवायचा नाही?

याचं उत्तम उदाहरण म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसणारा साधा एअर कूलर. तैवानच्या कूलर मास्टर कंपनीने २०११ मध्ये हायपर २१२ इव्हो आणला. अमेरिकेत साधारण ३०-३५ डॉलरला मिळायचा. पहिल्यांदा पीसी जोडणारी कितीतरी मुलं डोळे झाकून तोच घ्यायची.

त्यात आहे काय? तांब्याच्या चार नळ्या, ॲल्युमिनियमच्या पातळ फिन्सचा गठ्ठा आणि १२० मिलिमीटरचा एक पंखा. बस्स! अशा सीलबंद नळीत थोडासा द्रव असतो. प्रोसेसर तापला की त्याची वाफ होते, ती फिन्सकडच्या टोकाला जाऊन उष्णता सोडते, पुन्हा द्रव होऊन परत येते. पुढचं काम पंख्याचं.

आता काटकसर बघा. महाग कूलरमध्ये नळ्यांखाली तांब्याचा ठोकळा असतो, वर निकेलचा मुलामा. इथे ठोकळाच काढून टाकला. नळ्या खालून सपाट करून थेट प्रोसेसरला टेकवल्या. तांबं वाचलं, मुलामा वाचला. पंख्याचं माप कुठेही मिळणारं, म्हणजे बिघडला तर फक्त पंखा बदला.

पण जिथे खरं काम होतं तिथे हात आखडला नाही. आधीच्या २१२ प्लसमध्ये नळ्यांच्या मधे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या होत्या. इव्होमध्ये नळ्या एकमेकींना खेटून बसवल्या. का? कारण उष्णता जाते ती टेकलेल्या भागातूनच.

आता उलटं उदाहरण, माझ्याच खिशाला बसलेलं. एडिटिंगच्या मशीनला मी एक दिव्यांचा झगमगाट असलेला स्वस्त कूलर घेतला. चार महिन्यांत प्लास्टिकची पिन तुटली, कूलर एका बाजूने उचलला गेला आणि व्हिडिओ बनवताना मशीन तापून बंद पडायला लागलं. दिवे मात्र अजून लागतात! बनवणाऱ्याने पैसा दिसणाऱ्या गोष्टीत घातला आणि पकडीत वाचवला. त्याचा माल मी परत घेणार नाही.

आपल्याकडे मसाल्याचा धंदा सुरू करणारे हेच करतात. चकचकीत पाऊच, चार रंगांची छपाई, आणि आत हलकी मिरची. अहो, पाऊच साधा चालेल. मिरची साधी चालणार नाही.

आणखी एक गोष्ट. असा कूलर साध्या प्रोसेसरसाठी असतो, जास्त वीज खाणाऱ्या मोठ्या प्रोसेसरला तो पुरत नाही. तसंच तुमचा माल कोणासाठी नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. एक विक्री जाईल, पण नाव राहील.

आज एवढंच करा. कागदावर दोन रकाने आखा: "इथे वाचवीन" आणि "इथे कधीच नाही". दुसरा रकाना रिकामा राहिला, तर अजून दुकान उघडू नका.