कुलपाची परीक्षा कोणाच्या दारावर?

संगणकाचे सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांच्या जगात एक विचार हल्ली सुभाषिताच्या थाटात उच्चारला जातो: आधी लोकांच्या हाती द्या, चुका आपोआप उघड होतील, मग दुरुस्त करू. हिशेबाच्या सॉफ्टवेअरबाबत हे खुशाल चालावे. बेरीज चुकली तर वापरणारा ओरडतो. परंतु माणसांचे खाजगी निरोप वाहून नेणाऱ्या साधनांनाही हाच न्याय लावावा, असा जो आग्रह धरला जातो, तो मला चुकीचाच नव्हे, तर निर्दय वाटतो.

चुकांतून शिकायचे तर चूक शिकणाऱ्याच्या दृष्टीस पडली पाहिजे. गुप्ततेतले छिद्र ज्याला सापडते, तो ते बोलून दाखवीत नाही. मुकाट्याने त्यातून डोकावत राहतो. निरोप पोहोचतो, उत्तर येते, दोन्हीकडे सारे क्षेमकुशल भासते. तिसरा कोणी वाचत होता हे कळते ते दारावर थाप पडल्यावर, आणि तेव्हाही बातमी कोठून फुटली ते उमगतेच असे नाही.

धाराशिव जिल्ह्यातील वाचकांना ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची आठवण करून द्यायला नको. उमरगा-लोहारा भागातल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची माळवदे पिढ्यान्‌पिढ्या भक्कम मानली गेली. त्यांतला दोष धरणी हलल्यावर कळला, आणि केवढे मोल देऊन कळला! तरी पडलेली भिंत निदान दिसते. म्हणून पुढची घरे निराळ्या रीतीने बांधता आली. फुटलेल्या गुपिताचा ढिगारा कोठेच पडत नाही.

हे काल्पनिक भय नव्हे. 'ब्रिजफाय' नावाचे एक ॲप इंटरनेटवाचून एका फोनवरून जवळच्या दुसऱ्या फोनवर निरोप सरकवते. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलकांनी ते जवळ केले. भारतातही निदर्शनांच्या काळात त्याचा प्रसार झाला. २०२० मध्ये लंडनच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी ते तपासले, तेव्हा त्यातले निरोप परक्याला वाचता येतात, दुसऱ्याच्या नावाने पाठवता येतात, इतकेच नव्हे तर एकाच संदेशाने सगळे जाळे बंद पाडता येते, असे आढळले. कंपनीने दुरुस्ती केली. ती पुरेशी नव्हती असे २०२२ मध्ये पुन्हा दाखवले गेले. 'सुधारणा चालू आहे ना?' असे म्हणणारे म्हणतीलच. पण मधल्या काळात ज्यांनी विश्वासाने नावे आणि ठिकाणे कळवली, त्यांच्या निरोपांना कोणती दुरुस्ती लागू होणार? ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनात आपल्या शेजारच्या बीडमध्ये इंटरनेट बंद झाले होते. अशा वेळी माणूस हाताशी येईल ते साधन उचलतो. त्याची तपासणी कोणी केली हे विचारीत बसत नाही.

मग यंत्राची रचनाच झाकून ठेवावी काय? तो मार्ग आपल्या सत्ताधाऱ्यांना फार प्रिय आहे. मतदानयंत्रातील दुबळेपणा सहकाऱ्यांसह दाखवून देणाऱ्या हरिप्रसाद यांना ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई पोलिसांनी हैदराबादेत अटक केली. यंत्र चोरीचे असल्याचा आरोप होता. त्याची शहानिशा न्यायालयाने करावी. पण यंत्राच्या दोषाचे उत्तर अटकेने मिळत नाही. ऑगस्ट केर्कहोफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्येच मांडले होते की, पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी गुपित टिकले पाहिजे; लपवायची ती फक्त किल्ली.

याच तत्त्वावर अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने १९९७ मध्ये नव्या सांकेतिक पद्धतीसाठी जगाला आवाहन केले. १५ रचना छाननीला उतरल्या. जगभरच्या जाणकारांनी त्या फोडून पाहिल्या, आणि २००० मध्ये बेल्जियमच्या दोघांची रचना निवडली गेली. ही चाचणी चव्हाट्यावरच झाली. परंतु तीत पणाला लागली होती ती रचनाकारांची अब्रू.

पापनिवेदन ऐकण्याचा सराव सेमिनरीत आम्हालाही करावा लागला. तो आम्ही कल्पित पापांवर केला. खऱ्या पश्चात्तापदग्ध माणसांची गुपिते थोडीथोडी फोडत गुप्तता शिकावी, असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

सप्टेंबर २०२५ मध्ये एका केंद्रीय मंत्र्यांनी झोहो कंपनीच्या 'अरट्टै' या स्वदेशी ॲपची शिफारस केली आणि लाखोंनी ते घेतले. त्या वेळी त्यातील लिखित निरोपांना, पाठवणारा आणि घेणारा यांखेरीज कोणालाही वाचता येऊ नये असे संपूर्ण संरक्षण नव्हते. ते पुढे येईल, असे कंपनीने सांगितले होते. स्वदेशीचा अभिमान मलाही आहे. पण हा क्रम उलटा आहे: आधी जाणकारांनी ते फोडून पाहावे, त्यांचा अहवाल छापला जावा, मग मंत्रिमहोदयांनी शिफारस करावी. तोवर अशा प्रत्येक ॲपच्या पहिल्याच पडद्यावर, आमच्या आजीबाईंनाही वाचता येईल अशा मराठीत, ठळक अक्षरांत लिहावे: याची तपासणी अद्याप झालेली नाही.