श्रेडर घ्यायचाय? आधी गुणाकार करा!

वसई-विरारमध्ये आपण कोण आहोत हे सिद्ध करायचं असेल तर झेरॉक्सला पर्याय नाही. नालासोपाऱ्यात खोली भाड्याने घ्या, विरारला पीजी शोधा, नाहीतर वसई पूर्वेच्या एखाद्या गाळ्यात ट्रेनिंगला जा... आधार, पॅन, दोन फोटो आणि कॉलेजचं आयडी. भाडेकरार ११ महिन्यांचा, म्हणजे दर ११ महिन्यांनी नवा सेट! जुना सेट जातो कुठे? एजंटच्या ड्रॉवरमध्ये, तिथून गोणीत आणि गोणीतून रद्दीवाल्याच्या काट्यावर. झेरॉक्सच्या दुकानांत तर बिघडलेल्या कॉपीच्या कोऱ्या बाजूवर हिशेब लिहून देतात. मला एकदा अशाच चिठ्ठीच्या मागे कुणाचा तरी पूर्ण पॅन नंबर मिळाला होता, सहीसकट.

मार्च २०१८ मध्ये यवतमाळला विहीर साफ करताना आधार कार्डं सापडल्याची बातमी आली होती. ती मूळ कार्डं होती, म्हणून निदान बातमी तरी झाली. झेरॉक्सची बातमी कोण करणार?

म्हणून हल्ली बरेच जण श्रेडर घ्यायचं म्हणतात. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्या मुलींना याला चांगला मराठी शब्द सुचत नाही, माफ करा.) माझं मत विचाराल तर घराघरात श्रेडरची अजिबात गरज नाही. पण भाड्याच्या खोल्यांचा एजंट, झेरॉक्सवाला, सोसायटीचं ऑफिस आणि हॉस्टेलचं ऑफिस, इथे तो असायलाच हवा. आणि घेताना खोक्यावर सर्वात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा, म्हणजे ‘एका वेळी इतके कागद’, हा सर्वात शेवटी बघायचा.

आधी बघायचा तुकड्याचा आकार. सर्वात स्वस्त मशीन कागदाच्या फक्त लांब पट्ट्या करतं. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद, पट्टी ६ मिलिमीटरची, म्हणजे एका कागदाच्या ३५ पट्ट्या. ३५ तुकड्यांचं कोडं तर शाळेतली पोरंही सोडवतात! त्यात आधारची छोटी कापलेली झेरॉक्स आडवी घातली तर १२ आकडी नंबर अख्खाच्या अख्खा एका पट्टीवर शाबूत राहू शकतो. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन वकिलातीत नेमकं हेच झालं. वकिलातीतल्या लोकांनी घाईघाईने कागदपत्रांच्या पट्ट्या केल्या, आणि इराण्यांनी गालिचे विणणाऱ्यांना बसवून त्या पुन्हा जुळवल्या. पुढे त्यांची पुस्तकं छापून विकली.

म्हणून पट्टीवालं मशीन नकोच. आडवं-उभं दोन्ही कापणारं, म्हणजे क्रॉस-कट घ्यायचं. यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, पी-१ पासून पी-७ पर्यंत. पी-४ म्हणजे प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटर आणि रुंदी ६ मिलिमीटरच्या आत. आता ए-४ चं क्षेत्रफळ काढा: २१० गुणिले २९७, म्हणजे ६२,३७० चौरस मिलिमीटर. भागिले १६०, म्हणजे एका कागदाचे किमान ३९० तुकडे. पी-५ ला हेच २,००० च्या वर जातात. बऱ्याच खोक्यांवर ‘पी’ लिहिलेलंच नसतं, नुसतं ‘५ × १८’ असं असतं. मग गुणाकार करा, ९०! १६० च्या आत आहे, चालेल. एजंटच्या ऑफिसला एवढं पुरे. अमेरिकेच्या दार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने २०११ मध्ये तुकडे जुळवण्याची स्पर्धा ठेवली होती, ५०,००० डॉलर बक्षीस. जिंकणाऱ्या टीमने १०,००० हून जास्त तुकड्यांची पाच कोडी ३३ दिवसांत सोडवली. पण नालासोपाऱ्यातल्या भाडेकरारासाठी ३३ दिवस कोण घालवणार?

दुसरी गोष्ट म्हणजे मशीन सलग किती वेळ चालतं. हे बहुतेक मॅन्युअलमध्ये, बारीक अक्षरात. घरगुती मशीनची मोटर छोटी, खोक्यात हवा खेळत नाही, वाइंडिंग तापलं की थर्मल कट-आऊट मोटर बंद करतो. समजा, ‘२ मिनिटं चालवा, ३० मिनिटं थांबा’ असं लिहिलंय आणि मशीन एका वेळी पाच कागद घेतं. एका घासाला १२ सेकंद धरले तर दोन मिनिटांत ५० कागद. एजंटकडे एक रीम, म्हणजे ५०० जुने कागद आहेत. १० फेऱ्या, मशीन चालणार २० मिनिटं, पण मधल्या नऊ विश्रांतींची होतात २७० मिनिटं. जवळजवळ पाच तास! आणि ५०० कागदांचं वजन किती, तर जेमतेम सव्वादोन किलो. रद्दीवाला हे काम एका मिनिटात ‘संपवतो’, म्हणूनच सगळे त्याला बोलावतात. म्हणून ऑफिससाठी १०-१५ मिनिटं सलग चालणारं मशीनच बघावं, मग एका वेळी दोन कागद कमी घेतले तरी चालेल.

आपल्याकडच्या पावसाळ्याचं तर विचारूच नका. जून ते सप्टेंबर कागद ओल धरतो, लिबलिबीत होतो आणि पात्यांत गुंडाळला जातो. पात्यांना गंज चढू नये म्हणून श्रेडरचं तेल एका कागदावर सोडून तो कागद आत घालायचा. स्प्रे कॅन मारायचा नाही, त्यातला गॅस पेट घेऊ शकतो.

मग घरचं काय? घरात महिन्याला धड वीस कागदसुद्धा असे नसतात. ते फाडून रात्रभर बादलीत भिजवा आणि सकाळी हाताने कुस्करून लगदा करा. नुसतं भिजवून भागत नाही हं! झेरॉक्सची शाई म्हणजे वितळवून चिकटवलेली प्लॅस्टिकची पूड, ती पाण्यात विरघळत नाही. कागद कुस्करला तरच अक्षरं मोडतात. आणि मुळात पूर्ण नंबरची झेरॉक्स द्यायचीच कशाला? मास्क्ड आधारवर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. ते वापरा, कुणालाही झेरॉक्स देऊ नका, असं यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने २७ मे २०२२ ला सांगितलं आणि दोनच दिवसांत ते पत्रक मागेही घेतलं गेलं. पत्रक गेलं, पण मास्क्ड आधारची सोय आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यावरही फार विसंबू नका. कधीच डिजिटल न झालेली, नुसती कागदावरची माहिती त्या कायद्यात येत नाही.

आता आपल्या हॉस्टेलबद्दल. दरवर्षी अ‍ॅडमिशनला प्रत्येकाकडून आधार, आई-वडिलांचे फोन नंबर, मेडिकल सर्टिफिकेट, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, सगळं घेतलं जातं. वॉर्डन सरांना आणि ऑफिसला विनंती आहे, एक पी-४ मशीन घ्या आणि आम्हालाही वापरू द्या. शेवटच्या वर्षाची मुलं जातात त्या आठवड्यात रेक्टरांच्या खोलीबाहेर टेबलावर ठेवा, पाळीपाळीने आम्ही बसू. पिना आधी काढू. एटीएमच्या चकचकीत स्लिपा वेगळ्या ठेवू, कारण तो थर्मल कागद चांगल्या रद्दीत चालत नाही. राहिला तुकड्यांचा प्रश्न. त्यांचे धागे आखूड झालेले असतात, त्यामुळे रद्दीवाला तोंड वाकडं करणार. पण वसई पूर्वेच्या गाळ्यांत काचेचा, नाजूक माल पॅक करायला असलं भरण लागतंच. एक गोणी भरली की मी स्वतः विचारून येते.