आत्याबाईंचा मान

आपल्या भाषेने मावशीला एक म्हण दिली आणि आत्याला दुसरी. 'माय मरो, मावशी जगो' ही पहिली. 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते' ही दुसरी. एकीत माया, दुसरीत थट्टा. असे का व्हावे, याचे उत्तर घरातच सापडते. बाळाची जी आत्या, तीच आईची नणंद. आणि नणंदेबद्दल गोड बोलणाऱ्या ओव्या आपल्याकडे थोड्याच. मुलांना भाषा आईकडून मिळते. तेव्हा नणंदेची बाकी आत्याच्या खाती पडली, इतकेच.

तरीही बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचाच. आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडेही नाव ठेवते ती फोईच. आपल्याकडे पाळणा, त्यांच्याकडे चौघांनी चार टोके धरलेले वस्त्र. हक्क मात्र एकच. मूल घरात आले ते आईच्या कुशीतून, पण त्याला हाक मिळाली ती आत्याच्या तोंडून.

परवा असेच एक बारसे पाहण्याचा योग आला, सुरतेच्या डिंडोलीत. डिंडोली हे एके काळचे खेडे. आज ती सुरत महानगरपालिकेच्या हद्दीतली दाट वस्ती आहे. मागांच्या आणि साड्यांच्या धंद्याने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची असंख्य कुटुंबे या बाजूला आणली. गल्लीत अहिराणी कानी पडते. उधन्याहून निघणारी तापी खोऱ्यातली गाडी दिवाळीत आणि मे महिन्यात या मंडळींनी भरून वाहते. नंदुरबार, अमळनेर, जळगाव ही त्यांची माहेरची स्टेशने. बडोद्याच्या वाड्यांतून वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही मराठी वस्ती अगदी शेजारची, पण आपण तिकडे क्वचितच फिरकतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी नंदुरबारला शाळेत गाणे शिकवते. तिला मूल नाही. डिंडोलीतल्या भावाला उशिरा मुलगा झाला म्हणून ती आली होती, आणि तिने मलाही बोलावले होते. तिने नाव सांगितले, बायकांनी 'कुर्रर्र' करीत तिच्या पाठीत धपके घातले, आणि पाळणा म्हणायला थोरली भाची पुढे आली. मुलगी सोळा वर्षांची, नुकतीच दहावी झालेली. आवाज मोकळा, सूर पक्का. आत्या डोळे मिटून ऐकत होती.

नंतर तिने मला एक लहानशी वही दाखवली. दर दिवाळीला आणि दर सुटीत ती भाचीला पेटीपाशी बसवते आणि तिचा षड्ज कोणत्या पट्टीत सुखाने लागतो ते लिहून ठेवते. नऊ वर्षांच्या नोंदी होत्या. काळी पाच, पुन्हा काळी पाच, मग पांढरी सहा, आता काळी चार. "हिच्या आईला हे कळलं नाही, सर," ती हसून म्हणाली, "ती रोज ऐकते ना!" खरेच आहे. रोज पाहणाऱ्याला वाढ दिसत नाही. सहा महिन्यांनी दारात उभी राहणारी आत्याच म्हणते, 'अगं बाई, केवढी झालीस!' तो उद्गार हेच तिचे सुख. रात्रीची जागरणे, डबे, औषधे आईच्या वाट्याला. आत्याच्या वाट्याला वाढीचा आनंद तेवढा निखळ येतो.

पण जेवणे झाल्यावर निराळीच गोष्ट निघाली. मुलीला पुढे शिकवायचे नाही, आईबरोबर तिने घरी साड्यांवर खडे चिकटवावेत, लेस लावावी, असे घरात ठरत होते. आत्या म्हणाली, मी तिला नंदुरबारला नेते, फी माझी. त्यावर भाऊ एवढेच बोलला: "तुला काय कळणार? तुला कुठं पोर आहे?" सगळे गप्प झाले. त्या घराला मी कसा दोष देऊ? खाणारी तोंडे वाढली होती. पण त्या वाक्याने मी अस्वस्थ झालो, कारण आपल्या वाड्यांतूनही ते मी ऐकले आहे.

सयाजीरावांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मुलींसाठीसुद्धा. २००९ चा कायदा चौदाव्या वर्षापर्यंत मुलांचा हात धरतो. त्यापुढे मुलीचे काय, हे घराच्या बैठकीत ठरते, आणि त्या बैठकीत आत्याला पाट नसतो. सहा-सहा महिन्यांच्या अंतराने पाहिल्यामुळे जिला मुलीची चाल नेमकी कळली, तिचेच मत आपण बाजूला सारतो. बारशाला साडी दिली की तिचा मान संपला, अशी आपली समजूत आहे.

निघताना मुलगी दारापर्यंत आली. तिचे काय ठरले, ते मला अजून कळलेले नाही. वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते: आपल्या घरी असा प्रश्न निघेल, तेव्हा आत्याला पत्र घाला, फोन करा, बोलावून घ्या. जिने नाव सांगितले, तिला त्या नावाचे पुढे काय व्हावे हेही एकदा विचारावे.