मिशनरी कॉलेजचे ‘मिशन’ कोणते?

बारावीचा निकाल लागला की मुंबईतल्या घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘मिशनरी कॉलेजात मिळतंय का ते आधी बघा.’ हे वाक्य बोलणारी आई संकष्टी करणारी असते, वडील वारकरी घराण्यातले असतात आणि त्या वाक्यात ख्रिस्ती धर्म औषधालाही नसतो. त्यात शिस्त असते, चांगले इंग्रजी असते, दगडी इमारत असते आणि ‘तिथे पैसे खात नाहीत’ असा एक पिढ्यान् पिढ्या चालत आलेला विश्वास असतो. गेल्या शतकभरात या कॉलेजांनी मराठी मध्यमवर्गाकडून मिळवलेले हे प्रशस्तिपत्र आहे आणि ते साधे नाही.

अलीकडे मात्र याच कॉलेजांविषयी दुसरा सूर कानावर येतो. ‘पूर्वीचे ते राहिले नाही. संस्थापकांच्या मूळ तत्त्वांना सोडचिठ्ठी दिली.’ गंमत अशी की, हे एकच वाक्य दोन वेगवेगळी माणसे दोन वेगळ्या दुःखांनी बोलतात. चर्चमधल्या ज्येष्ठांना वाटते की कॉलेजातले ख्रिस्तीपण नावापुरते उरले. सकाळची प्रार्थना चार टाळक्यांची झाली. माजी विद्यार्थ्यांना वाटते की कॉलेजातले मोठेपण गेले. आता तिथे शिकवण्यापेक्षा कोर्स विकणे चालते. दोघेही ‘मूळ तत्त्वे’ हाच शब्द वापरतात. तेव्हा ही मूळ तत्त्वे होती तरी कोणती, हे एकदा जुने कागद समोर ठेवून पाहायला हवे. उदाहरण दूरचे कशाला? गिरगाव चौपाटीसमोरचे विल्सन कॉलेज घेऊ.

जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत उतरले तेव्हा जेमतेम पंचविशीतले स्कॉटिश पाद्री होते. कोकणात बाणकोट-हर्णैच्या बाजूला राहून ते आधी मराठी शिकले. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ मध्ये त्या इथेच वारल्या. १८३२ च्या मार्च महिन्यात अंबरोली येथे विल्सन यांनी जी इंग्रजी शाळा उघडली, तीच आजच्या कॉलेजची गंगोत्री. हेतू त्यांनी कधी लपवला नाही. लोकांनी ख्रिस्ताचा स्वीकार करावा, यासाठी ते आले होते. शाळा काढण्याच्या आधीच मोरभट दांडेकरांसारख्या शास्त्र्यांशी त्यांचे जाहीर वाद झाले होते आणि हिंदू धर्मावर टीका करणारे पुस्तक त्यांनी शाळेच्याच वर्षी छापले होते. आज आपण ज्याला ‘संस्थापकांचा हेतू’ म्हणून हात जोडतो, तो हा होता.

त्या हेतूची किंमतही संस्थेने मोजली. १८३९ साली धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला, प्रकरण कोर्टात गेले आणि मुलाने कुणाकडे राहायचे हे मुलानेच ठरवावे, असा निकाल झाला. निकाल विल्सनसाहेबांच्या बाजूचा. पण शाळेचा पट धाडकन खाली आला. चार वर्षांनी नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती अज्ञान म्हणून कोर्टाने वडिलांच्या हवाली केला आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांची केवढी बोलणी खाल्ली, हे वाचकांना ठाऊकच आहे. आपल्या पणजोबांच्या पिढीला मिशनरी शाळेची धास्ती वाटत असे ती उगाच नव्हे.

पण त्याच १८४३ सालातली दुसरी एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. त्या वर्षी स्कॉटलंडचे चर्च दुभंगले. गावाला नको असलेला धर्मगुरू जमीनदाराने त्याच्या माथी मारावा की नाही, असा तो वाद होता. साडेचारशेहून अधिक धर्मगुरू पगार, घरे, देवळे सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. विल्सन त्या वेळी मुंबईत नव्हते, रजेवर मायदेशी निघाले होते. त्यांनी आणि मुंबईतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनीही नव्या चर्चची बाजू घेतली. परिणाम काय? शाळेची जागा जुन्या चर्चकडे राहिली आणि या मंडळींना दुसरीकडे पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. एका तत्त्वासाठी शाळेच्या इमारतीवर पाणी सोडणारी माणसे होती ही. आजच्या मुंबईत, जिथे चौरस फुटाच्या भावापुढे सगळी तत्त्वे आडवी पडतात, तिथे ही गोष्ट जरा सावकाश वाचावी अशी आहे.

चौपाटीवरची देखणी इमारत १८८९ ची. तोवर विल्सन जाऊन चौदा वर्षे झाली होती. आणि तोवर संस्थेच्या हेतूतही बदल झाला होता. वर्गात बायबल होते, पण बाप्तिस्मे तुरळक झाले होते. मुले शेक्सपिअर, तर्कशास्त्र आणि संस्कृत शिकून, मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन आपल्या धर्मात सुखाने परत जात होती. याच विल्सन कॉलेजातून पांडुरंग वामन काणे पदवीधर झाले. हिंदू धर्माचे खंडन करण्यासाठी निघालेल्या संस्थेने धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा इतिहासकार घडवला! पुढे मोरारजी देसाई तिथे शिकले, १९४२ चे गुप्त रेडिओ केंद्र चालवणाऱ्या उषा मेहता तिथे शिकल्या. विल्सनसाहेबांनी हे पाहून काय म्हटले असते कोण जाणे. स्वतः ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले होते आणि लेण्या-शिलालेखांचे वेड त्यांना आयुष्यभर होते. कदाचित खूशही झाले असते.

म्हणजे आपण ज्या मिशनरी कॉलेजवर प्रेम केले, ते मूळ हेतूपासून ढळलेलेच कॉलेज होते. हे एकदा मनाशी कबूल केलेले बरे. हिंदू, मुसलमान, पारशी घरांतली मुले निर्धास्तपणे तिथे पाठवता आली, कारण धर्मांतराचा पहिला हेतू मागे पडला होता.

मात्र हा पहिला बदल चोरपावलांनी आलेला नाही. त्यावर जाहीर, कडाक्याचे वाद झाले. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजचे प्राचार्य विल्यम मिलर चाळीस वर्षांहून अधिक काळ एकच भूमिका मांडत राहिले. कॉलेजने बाप्तिस्मे मोजत बसू नये, ख्रिस्ती विचार समाजात हळूहळू मुरू द्यावा, असे ते म्हणत. मायदेशातल्या चर्चने त्यांना त्यासाठी फैलावर घेतले, पण ते हटले नाहीत. पुढे १९३० मध्ये ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजचे प्रमुख ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग भारतभरच्या ख्रिस्ती कॉलेजांची पाहणी करायला आला. १९३१ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. परीक्षांच्या रहाटगाडग्याला जुंपून घेतल्यामुळे ही कॉलेजे इतर कॉलेजांसारखीच होत चालली आहेत, असे आयोगाला दिसले. त्यांनी संशोधनाकडे वळावे आणि भोवतालच्या समाजाशी, खेड्यांशी नाते जोडावे, असे त्याने सुचवले. ‘आपण कशासाठी आहोत’ हा प्रश्न या संस्थांनी स्वतःला विचारला, बाहेरच्यांना विचारू दिला आणि उत्तर छापून चारचौघांत ठेवले.

आज जो दुसरा बदल चालू आहे त्याच्याविषयी असा वाद कुठे झाल्याचे दिसत नाही. तो माहितीपुस्तिकेतून येतो. एका जूनमध्ये नवा विनाअनुदानित अभ्यासक्रम छापलेला असतो, पुढच्या जूनमध्ये त्याची फी वाढलेली असते. भाषेच्या एखाद्या विभागात विद्यार्थी कमी म्हणून एक पद रिकामे राहते आणि मग ते पद होते हेच विसरले जाते. कायम प्राध्यापकाच्या जागी तासिका तत्त्वावरचे शिक्षक येतात. व्याख्यान संपले की ते लोकल पकडून दुसऱ्या कॉलेजात जातात, कारण एका ठिकाणच्या तासांवर त्यांचे घर चालत नाही. जुन्या मिशनरी प्राध्यापकांच्या आठवणी निघाल्या की लोक त्यांचे विद्वत्तेपेक्षा घर सांगतात. वसतिगृहातला मुलगा आजारी पडला तर प्राचार्यांच्या घरून पेज यायची, असे काहीतरी. तासांवर पगार घेणाऱ्या शिक्षकाकडून ही अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

यातला मोठा दोष सरकारचा आहे, हे सांगितलेच पाहिजे. अनुदानित पदे वर्षानुवर्षे भरायची नाहीत आणि वर संस्थांना दर्जाबद्दल सुनवायचे, हा खेळ राज्यातल्या सगळ्याच कॉलेजांशी चालू आहे. ख्रिस्ती कॉलेजांना परदेशी मिशनच्या पैशाचा आधारही पूर्वीसारखा उरलेला नाही. छप्पर गळते, जुन्या इमारतीची डागडुजी परवडत नाही. मग फीच्या कोर्सकडे न वळून करतील काय?

तरीही एक मुद्दा असा आहे, की तिथे पैशाची सबब पुरेशी पडत नाही. जोतीराव फुले १८४१ साली पुण्यात ज्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले, ती विल्सन यांच्याच मिशनची. गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेबांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि मळ्यात गेलेला मुलगा पुन्हा बाकावर बसला. त्या बाकावर माळ्याच्या मुलाला जागा होती, ही मिशनरी शिक्षणाची महाराष्ट्रावरची सर्वांत मोठी खूण. धर्मांतराचा हेतू मागे पडला तरी ही खूण पुसली नव्हती.

आता कायद्याकडे पाहा. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आणि तो योग्यच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरांत एकही भरत नाहीत. एवढ्या लहान समाजाला हे संरक्षण हवेच. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने अनुदानित अल्पसंख्याक संस्थांना आपल्या समाजासाठी निम्म्यापर्यंत जागा ठेवण्याची मुभा दिली. त्यानंतर २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांतही मागासवर्गीयांसाठी प्रवेश राखून ठेवण्याचा मार्ग खुला केला, पण अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळले. म्हणजे ज्या परंपरेने जोतीरावांना बाकावर बसवले, तिच्या वारसांवर आज दलित-मागास मुलांसाठी जागा राखण्याची ती सक्ती नाही. हा हक्क त्यांनी वापरला तर कायद्याने त्यात काही चूक नाही. पण आपणहून तशा जागा ठेवायलाही त्यांना कुणी अडवलेले नाही. आमच्या मते एखादे ख्रिस्ती कॉलेज मूळ तत्त्वांपासून ढळले की नाही, हे सकाळच्या प्रार्थनेच्या हजेरीपटावरून पाहू नये, या जागांवरून पाहावे. खुद्द ख्रिस्ती समाजातही गरीब, दलित, खेड्यातली कुटुंबे पुष्कळ आहेत. नगर-जालन्याकडच्या अशा घरातल्या किती मुली शहरातल्या नामांकित मिशनरी कॉलेजपर्यंत पोचतात? ‘आमच्या समाजाचा कोटा’ असे म्हणताना त्या समाजातले कोण आत येते, हेही विचारायला हवे.

याचे उत्तर काही संस्थांकडे चांगले असेल. आतल्या आत खूप काही करणारी, गाजावाजा न करणारी माणसे या कॉलेजांत आजही आहेत. पण ते बाहेर कळत नाही, आणि कळत नाही म्हणून चर्चमधले ज्येष्ठ आणि माजी विद्यार्थी आपापल्या आठवणींवर भांडत राहतात. एकाला १९५५ चे कॉलेज हवे असते, दुसऱ्याला १८५५ चे.

अंबरोलीच्या त्या शाळेला २०३२ साली दोनशे वर्षे पूर्ण होतील. समारंभ होईल, पाहुणे येतील, जाडजूड गुळगुळीत स्मरणिका निघेल आणि तिच्यात विल्सनसाहेबांचे दाढीवाले चित्र असेल. त्या स्मरणिकेत एक पान जास्तीचे छापावे, एवढीच विनंती आहे. कायम प्राध्यापक किती आणि तासांवरचे किती, कुठल्या वर्गाची फी किती, घरातले पहिलेच कॉलेजात आलेले विद्यार्थी किती, मराठी शाळेतून आलेले किती, आणि कुणाची फी कुणी भरली. नावे नकोत, नुसते आकडे पुरेत. विल्सननेच का, या राज्यातल्या प्रत्येक ख्रिस्ती कॉलेजने ते छापावे, आणि त्यासाठी २०३२ पर्यंत थांबायचे कारण नाही. पुढच्या जूनची माहितीपुस्तिका अजून छापखान्यात गेलेली नसेल.