मेटल डिटेक्टरला नाणे सापडेल. पण ते जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचेल का?

परदेशातल्या एखाद्या समुद्रकिनाऱ्यावर हेडफोन लावलेला माणूस वाळूवरून लांब दांड्याचे यंत्र फिरवतो. ‘बीप’ वाजते, तो वाळू उपसतो आणि हातात नाणे येते. अशा रील्स आता वडवणीतल्या मोबाइलवरही पाहिल्या जातात. तसले यंत्र ऑनलाइन काही हजारांत घरपोच मिळते. वडवणीला समुद्र नाही, बागाही मोजक्याच. पण आठवडी बाजाराची जागा, यात्रेचे मैदान, जुनी खळी आणि बैलगाडीच्या वाटा आहेत. जिथे पिढ्यान् पिढ्या माणसे जमली, तिथे त्यांच्या खिशातून आणि कनवटीतून नाणी पडलेली असणारच.

मग हा छंद आपल्याकडे चालेल का? कायदा काय म्हणतो? सरकारने यावर सरसकट बंदी घालावी का? शेवटच्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. अडचण यंत्रात नसून १८७८च्या एका कायद्यात आहे. सापडलेली वस्तू प्रामाणिकपणे दाखवणाऱ्याला तो कायदा आजही धातूच्या भावाने तोलतो.

यंत्र नेमके काय शोधते?

मेटल डिटेक्टर सोने शोधत नाही आणि पैसाही शोधत नाही. वीज वाहून नेणारी वस्तू एवढेच त्याला कळते. दांड्याच्या टोकाला असलेल्या चकतीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा प्रवाह सोडला की जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्यात लहान भोवऱ्यांसारखे प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होते. दुसरे वेटोळे ते टिपते आणि यंत्र वाजते. परत आलेला संकेत किती उशिराने आला, यावरून धातू लोखंड आहे की तांबे-चांदीसारखा, याचा अंदाज बांधता येतो.

साध्या यंत्राला एकटे नाणे वीतभर खोलीपर्यंत सापडते. त्याहून फार खाली नाही. त्यात मराठवाड्याची जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली आणि लोहयुक्त खनिजांची. त्यामुळे यंत्र रिकाम्या जागीही वाजते. प्रत्येक ठिकाणी आधी त्याला मातीची ओळख करून द्यावी लागते. समुद्राच्या ओल्या वाळूत खाऱ्या पाण्यामुळे हाच घोळ होतो, म्हणून किनाऱ्यावर वेगळ्या पद्धतीची, क्षणभर झटका देऊन प्रतिसाद ऐकणारी यंत्रे वापरतात. एवढे करूनही दहा वेळा खणले तर बहुतेकदा खिळे, बाटल्यांची झाकणे, गोळ्यांच्या पाकिटांचा वर्ख आणि नांगराचे तुकडेच निघतात.

आपल्या नाण्यांची आणखी एक गंमत आहे. चलनातली एक आणि दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची असतात. म्हणून नाशिकला गोदाकाठी मुले दोरीला लोहचुंबक बांधून भाविकांनी वाहिलेली नाणी वर काढतात. गरिबाचा डिटेक्टर तो हाच. महागड्या यंत्रावर मात्र ‘लोखंड वगळा’ हे बटण दाबले की हीच नाणी लोखंड म्हणून वगळली जाण्याची शक्यता असते. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी तर ३० जून २०११पासून चलनातच नाहीत. थोडक्यात, हरवलेली नाणी शोधून यंत्राचे पैसे वसूल होतील, हा हिशेब कुणी करू नये. हा छंद आहे, उत्पन्नाचे साधन नाही. त्याचा खरा उपयोग कापूस वेचताना शेतात पडलेले जोडवे किंवा मंगळसूत्राची वाटी शोधण्याचा आहे.

‘गुप्तधन यंत्र’ म्हणून काय विकले जाते?

आपल्या भागात अडचण इथून सुरू होते. मराठवाड्यात जमिनीखालच्या धनाला ‘गुप्तधन’ म्हणतात आणि या शब्दाला रक्ताचा डाग आहे. परभणी जिल्ह्यातील मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधन आणि अपत्यप्राप्तीच्या अंधश्रद्धेतून महिला आणि लहान मुलींसह अनेकांचे जीव घेतले गेले. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

आता मांत्रिकाच्या लिंबाची जागा काही ठिकाणी यंत्राने घेतली आहे. ‘शंभर फुटांवरून सोने ओळखते’ असे सांगून दोन तारांच्या किंवा अँटेनाच्या वस्तू विकल्या जातात. भौतिकशास्त्रात अशा दाव्याला जागा नाही. एडीई ६५१ नावाचे असेच एक पोकळ यंत्र बॉम्बशोधक म्हणून इराकला विकले गेले. त्याचे मूळ गोल्फचे चेंडू शोधण्याच्या एका खेळण्यात होते. विक्रेता जेम्स मॅकॉर्मिक याला २०१३मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली. जे यंत्र वीतभर खोलीवरचे नाणे दाखवताना चाचपडते, त्याच्या नावावर शंभर फुटांचा दावा करणारा माणूस फसवतो आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

बीडकरांना खजिन्याचा याहून शहाणा अर्थ ठाऊक आहे. बीड शहराजवळची सोळाव्या शतकातली खजाना विहीर भुयारी मार्गाने शेतीला पाणी देते. सरकारी खजिना तिच्या बांधकामावर खर्च झाला म्हणून तिला हे नाव पडले, असे सांगितले जाते.

मग इथल्या मातीत काय असू शकते?

सोन्याचे हंडे नव्हे, पण इतिहास नक्की. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचे चलन वेगळे होते. त्याला ‘हाली सिक्का’ म्हणत. शेजारचा अहमदनगर जिल्हा ब्रिटिश मुलखात, तिथे ‘कलदार’ रुपया. कुठल्या बाजाराच्या जागी हाली जास्त सापडतात आणि कुठे कलदार, याची नुसती नोंद झाली तरी सरहद्दीवरचा व्यापार कसा चालत होता, हे कळू शकेल.

आणखी मागे गेले तर सातवाहन. त्यांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण आणि मोठी व्यापारी पेठ म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. शिसे, तांबे, चांदी आणि पोटीन या मिश्रधातूची त्यांची नाणी मराठवाड्यात सापडतात. खेड्यात ‘काळी’ म्हणजे पिकाची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची राखट माती, हा फरक जुन्या माणसांना माहीत असतो. पांढरीच्या टेकाडात शतकानुशतकांची वस्ती थरांनी साचलेली असते. हीच माती धाब्याच्या घरांसाठी आणि शेतात टाकायला पिढ्यान् पिढ्या उकरून नेली गेली. तिच्याबरोबर किती नाणी गेली, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

जागेला एवढे महत्त्व का?

याचे सर्वांत चांगले उत्तर नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली मिळाले. तिथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप राजा नहपानाची होती. त्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरूनच गौतमीपुत्र सातकर्णीची चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. जिंकलेल्या राजाने हरलेल्याचे चलन आपल्या नावाने पुन्हा चालवले, याचा इतका ठोस पुरावा दुसरा नाही. पण हा पुरावा एका नाण्यात नव्हता. तो साठा एकत्र राहिला, मोजला गेला आणि जागेसह नोंदला गेला, म्हणून हाती आला. तीच नाणी दहा-दहा करून सराफाच्या मुशीत गेली असती तर चांदी उरली असती आणि इतिहास गेला असता.

पुरातत्त्वज्ञ मेटल डिटेक्टरला घाबरतात ते यामुळेच. खणणाऱ्याच्या हाती नाणे लागते, पण ते कोणत्या थरात आणि कशाशेजारी होते, ही माहिती त्याच क्षणी पुसली जाते. ही भीती रास्त आहे.

कायदा काय सांगतो?

तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते.

पहिली, कालपरवा हरवलेली वस्तू. बागेत किंवा किनाऱ्यावर सापडलेली अंगठी ‘ज्याला सापडली त्याची’ नसते. मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता ती खिशात घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ नुसार गुन्हा ठरू शकतो. करार कायद्याचे कलम ७१ सांगते की वस्तू सापडलेल्या माणसाची जबाबदारी ती सांभाळायला दिलेल्या माणसासारखीच असते.

दुसरी, पुरावस्तू. १९७२च्या कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे पुरावस्तू ठरते. ते देशाबाहेर नेता येत नाही आणि परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार करता येत नाही. हाली सिक्क्यावर हिजरी सन असतो. १३४३ हिजरी म्हणजे १९२४-२५. म्हणजे शेवटच्या निजामाची सुरुवातीची नाणी आता या व्याख्येत आली आहेत. संरक्षित स्मारकात विनापरवाना खोदकाम हा स्वतंत्र गुन्हा आहेच.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे आणि ती सरकारी कोषागारात जमा करणे किंवा सांगितल्यावर हजर करण्याची हमी देणे बंधनकारक आहे. दहा रुपये ही मर्यादा १८७८ची, आजही तीच. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतात. खरा मालक निघाला नाही आणि जमिनीच्या मालकीबद्दल वाद नसेल, तर वेगळा करार नसल्यास तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला. म्हणजे दुसऱ्याच्या शेतात विहीर खोदताना मजुराला हंडा सापडला, तर कायदा मोठा वाटा मजुराला देतो. ही गोष्ट किती मजुरांना कुणी सांगितली आहे? न कळवल्यास मात्र वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

मग लोक कळवत का नाहीत?

या कायद्याचे कलम १६ वाचले की उत्तर मिळते. सरकारला ती वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल तर हक्कदारांना द्यायचे पैसे म्हणजे वस्तूतील धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. पाच ग्रॅमच्या शिशाच्या सातवाहन नाण्याचा धातू आज जेमतेम रुपयाभराचा. त्यावर वीस टक्के जोडा. एवढ्यासाठी शेतकऱ्याने रोजगार बुडवून, तहसील आणि जिल्ह्याच्या खेपा घालून, पोलिसांच्या ‘अजून किती होते?’ या प्रश्नाला तोंड द्यायचे. सराफ मात्र काही न विचारता रोख देतो. कायद्याचे पालन करणारा तोट्यात आणि लपवणारा फायद्यात, अशी ही रचना आहे.

ब्रिटननेही हा धडा उशिरा घेतला. तिथल्या १९९६च्या कायद्यानुसार ‘खजिना’ ठरू शकेल अशी वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते. संग्रहालयाने ती घेतली तर स्वतंत्र तज्ज्ञ समितीने ठरवलेली बाजारभावाची रक्कम मिळते. इंग्लंडमध्ये २००९ साली डिटेक्टर वापरणाऱ्या एका छंदिष्टाला शेतात सापडलेल्या स्टॅफर्डशायर साठ्याचे मोल ३२ लाख ८५ हजार पौंड ठरले. ते शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटले गेले. साध्या वस्तूंच्या नोंदीसाठी १९९७पासून वेगळी योजना आहे. नोंद झाली की वस्तू परत मिळते आणि जागेची माहिती सर्वांची होते. चोरटे खणणारे तिथेही आहेत. पण प्रामाणिक माणसाला तिथे मूर्ख ठरवले जात नाही.

आपल्याकडे काय करता येईल?

पहिले, कलम १६ मधील धातूभाव काढून तज्ज्ञांनी ठरवलेला बाजारभाव आणावा आणि दहा रुपयांची मर्यादा बदलावी. दुसरे, नोंद तालुक्याच्या पातळीवर व्हावी. तलाठ्याने फोटो, गट क्रमांक आणि तारीख राज्य पुरातत्त्व विभागाकडे पाठवावी आणि सापडलेल्या माणसाला तिथल्या तिथे पोच द्यावी. तिसरे, डिटेक्टरला जागेनुसार नियम हवा. बाग, मैदान, किनारा इथे स्थानिक संस्थेच्या परवानगीने मोकळीक, तर किल्ले, जुनी मंदिरे आणि पांढरीच्या टेकाडांवर पूर्ण मनाई. चौथे, शंभर फुटांवरून सोने शोधणाऱ्या ‘यंत्रां’च्या जाहिरातींवर फसवणुकीचे गुन्हे दाखल व्हावेत.

लोकांवर विश्वास टाकला तर काय होते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. तेरमधल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या आणि जपल्या. आज तिथले सरकारी वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावाने उभे आहे. अभ्यासक आणि सहली तिथे जातात, ते एका गावकऱ्याच्या चिकाटीमुळे.

तोवर वडवणीत कुणाला नांगरताना किंवा पाया खोदताना जुनी नाणी सापडलीच, तर ती घासू नयेत, वाटून घेऊ नयेत, सराफाकडे नेऊ नयेत. जागेवरच फोटो काढावा, खणणे थांबवावे, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज तहसील कार्यालयात द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. शोधणाऱ्याचा तीन चतुर्थांश हक्क त्या पोचेवरच टिकतो. राहिला प्रश्न त्या हक्काला योग्य किंमत मिळण्याचा. तो मात्र सरकारने सोडवायचा आहे, आणि जवळपास दीडशे वर्षे ही थोडीथोडकी मुदत नाही.