ढालीला ढाल

यात्रेच्या गर्दीत पाठीमागून येणारा रेटा आपल्या परिचयाचा आहे. प्राचीन ग्रीसमध्ये असा रेटा हे युद्धाचेच अंग मानले जाई. ग्रीक भाषेत त्याला 'ओथिस्मॉस' म्हणत.

हॉप्लाइट हा ग्रीक नगरराज्याचा जड शस्त्रधारी पायदळ सैनिक. त्याच्या डाव्या हाती सुमारे 90 सेंटिमीटर व्यासाची लाकडी ढाल असे. ती त्याचे स्वतःचे अंग झाकी आणि डावीकडील सोबत्याच्या उघड्या उजव्या बाजूलाही आडोसा देई. म्हणजे प्रत्येकाची उजवी बाजू शेजाऱ्याच्या हवाली. थ्युसिडिडीस हा इतिहासकार नोंदवतो की, त्या उघड्या अंगाच्या भीतीने प्रत्येक जण शेजारच्या ढालीला बिलगे आणि सारे सैन्यच चालता चालता उजवीकडे सरके.

इ.स.पू. 424 मध्ये डेलियम येथे अथेन्स आणि बिओशिया यांची सैन्ये भिडली. अथेन्सच्या रांगा 8, तर थीब्जच्या 25. ढालीला ढाल भिडवून थीब्जने अथेनियनांना हळूहळू मागे रेटले. दुसऱ्या बगलेवर मात्र थेस्पियाच्या सैनिकांचे शेजारी हटले. ते एकटे पडले, वेढले गेले आणि कापले गेले. वेढा घालताना गोंधळलेल्या काही अथेनियनांनी आपल्याच माणसांना ठार केले. अखेर पराभव अथेन्सचाच झाला. सेनापती हिपोक्रॅटीससह त्यांचे सुमारे 1000 हॉप्लाइट पडले.

हा रेटा खरोखर सर्व रांगांच्या अंगबळाचा होता काय? व्हिक्टर डेव्हिस हॅन्सन यांच्या मते होय. पीटर क्रेन्ट्झ यांना ते मान्य नाही. अशा चेंगराचेंगरीत भाला चालवावा तरी कसा, ही शंका रास्तच आहे. शिवाय हेरोडोटसने हाच शब्द तोंडी वादासाठीही योजला आहे.

तरीही खोल रांगांचे मोल नाकारता येत नाही. इ.स.पू. 371 मध्ये ल्यूक्ट्रा येथे थीब्जच्या एपामिनोंडासने 50 रांगा उभ्या केल्या; स्पार्टाच्या रांगा 12 हून अधिक नव्हत्या. स्पार्टाचा राजा क्लिओम्ब्रोटस तेथे मारला गेला. शेवटच्या रांगेतील माणसाचा भाला शत्रूपर्यंत पोहोचतही नसे. परंतु तो पाठीशी उभा असल्याने पुढच्याला माघार सुचत नसे. आणि शेजारी हटला तर काय होते, हे थेस्पियाच्या सैनिकांनी प्राण देऊन दाखवले.