गाण्यांची खतावणी

कोबे शहरी १९७१ साली दाइसुके इनोउए यांनी नाणे टाकताच गायकाविना साथ करणारे यंत्र सिद्ध केले, आणि ‘रिकामा वाद्यवृंद’ अशा अर्थाचा कराओके हा जपानी शब्द आता आपल्या सोसायट्यांच्या स्नेहसंमेलनांतही रुळला. परंतु यंत्राशेजारच्या गीतवहीची वर्गवारी कशी लावावी, हा तंटा मात्र अद्याप निकालात निघालेला नाही. ‘कान्होपात्रा’ नाटकात बालगंधर्वांनी गायिलेला चोखोबांचा अभंग भक्तिगीतांच्या सदरी रुजू करावा की नाट्यगीतांच्या? १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’ची ५६ गीते कोणत्या खात्यात जमा धरावीत? उत्पत्तीने एका, प्रयोगाने दुसऱ्या आणि श्रोत्याच्या स्मृतीने तिसऱ्याच कुळात मोडणाऱ्या गीतास एकच दाखला देणे हा त्याच्यावर अन्यायच होय. शिवाय ध्वनिक्षेपक हाती घेऊन पाने चाळणाऱ्या हौशी गायकास प्रकार आठवत नसतो, आठवतो तो मुखडा. यास्तव आमची तजवीज साधी आहे: वही मुखड्यांच्या अकारविल्ह्याने लावावी, प्रकार, गायक व पट्टी शेजारच्या रकान्यांत नोंदवावी, आणि वादग्रस्त गीत निःसंकोच दोन्ही सदरांत लिहावे. कागद थोडा अधिक लागेल. गाणे मात्र सापडेल.